आई-बाबांना परदेशातलं आपलं गाव दाखवताना

पहिले दोन दिवस मोठं काही ठरवू नका. शरीराचं घड्याळ तिथल्या वेळेकडे साधारण दिवसाला एक तास सरकतं, आणि पूर्वेकडे प्रवास झाला असेल तर जुळायला आणखी वेळ लागतो. दुपारी डोळे मिटायला लागले तर 20 ते 30 मिनिटं झोपू द्या, गजर लावून. दोन-तीन तास झोप झाली की रात्र जागून जाते. दिवसाच्या उजेडात बाहेर फिरवा, घड्याळ त्यानेच लवकर जुळतं.

सुरुवात घराच्या कुलपापासून करा. किल्ली त्यांच्या हातात द्या आणि दार त्यांनाच तीनदा उघडायला लावा. तुम्ही करून दाखवलेलं लक्षात राहत नाही. शेगडी, गरम पाण्याचा नळ, खिडकीची कडी यांचंही तसंच. मग कोपऱ्यापर्यंतचा रस्ता: जाताना तुम्ही पुढे, येताना ते पुढे. वाहनं उलट्या बाजूने चालत असतील तर रस्ता ओलांडताना सवयीने चुकीच्या बाजूला बघितलं जातं. दोन्हीकडे बघायची सवय तिथेच लावा.

खिशात कागदी चिठ्ठी हवीच: स्थानिक भाषेत पत्ता, तुमचा नंबर, आपत्कालीन नंबर, चालू औषधांची नावं. फोनची बॅटरी संपते, चिठ्ठी संपत नाही.

दिवसाला एकच मोठं ठिकाण, तेही सकाळी. तासाभराने बसायची जागा आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते आधीच बघून ठेवा. ‘थकलोय’ असं ते सांगणार नाहीत, पावलं मंदावली की ओळखा.

प्रेक्षणीय स्थळांइतकाच तुमचा रोजचा बसथांबा दाखवा. तुम्ही कसे राहता, हेच त्यांना बघायचं असतं.