चेक परतल्यावर तुरीची वाट पाहू नका: व्यापाऱ्यांनो, या चुका टाळा

मराठवाड्यात उधारी पिकावर चालते. सोयाबीन निघालं की देतो. नाही जमलं तर तूर निघू द्या. तीही गेली तर उसाचं बिल येऊ द्या. मोंढ्यात पिढ्यान्‌पिढ्या असाच व्यवहार चालतो आणि बहुतेकांचे पैसे येतातही. अडचण एवढीच की कायद्याची मुदत पीक-पाणी विचारत नाही. लोक मुदत संपल्यावर फाईल घेऊन आम्हा वकिलांकडे येतात आणि वर विचारतात, ‘साहेब, चार दिवसांनी काय एवढं बिघडतं?’

जालन्याकडचे ठिबकच्या पाइपांचे एक ठोक व्यापारी. तालुक्याच्या दुकानदाराने त्यांना दसऱ्याच्या तारखेचा ४ लाख ८० हजारांचा चेक दिला. दिवाळीच्या तोंडावर तो परत आला, खात्यात पैसेच नव्हते. दुकानदार नात्यातला. ‘मामा, जरा दम धरा, सोयाबीनचा भाव पडलाय.’ मामांनी दम धरला. चेक परतल्याचा बँकेचा मेमो गल्ल्यात, वर्गणीच्या पावत्यांखाली. मग तुरीचा वायदा झाला. संक्रांतीनंतर मामा माझ्याकडे आले तेव्हा नोटिशीचे दिवसही गेले होते आणि चेकची तीन महिन्यांची मुदतही.

निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या कलम १३८ चा हिशोब असा आहे. चेक परतल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. तेवढ्यात त्याने दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात फौजदारी तक्रार. तक्रारीला उशीर झाला आणि कारण सबळ असलं, तर कोर्ट तो माफ करू शकतं. नोटिशीच्या उशिराला माफी नाही. लोक नेमकं उलटं समजून बसतात.

चेकची मुदत शिल्लक असती तर तोच चेक पुन्हा भरता आला असता, आणि पुन्हा परतल्यावर नवे ३० दिवस मिळाले असते. मामांना तीही वाट उरली नव्हती. राहिला दिवाणी दावा, तोही कोर्ट फी भरून. फौजदारीचा धाक गेल्याचं कळताच भाच्याने फोन उचलणं बंद केलं.

माझी सवय सांगतो. मेमो हातात पडला की त्यावरच लाल पेनाने शेवटची तारीख लिहायची, ३० वा दिवस नाही, २० वा धरून. नोटिशीत मागणी चेकच्याच रकमेची. व्याज, वकिलाची फी मिसळून एकच गोल आकडा टाकला की नोटीस लंगडी पडते. नोटीस दिल्याने नातं तुटतं हेही खरं नाही. नोटीस द्या, तक्रारीची तारीख लिहून ठेवा आणि त्या तारखेपर्यंत खुशाल तुरीची वाट पाहा.

चेक नसून वहीतली नुसती उधारी असेल, तर मालाच्या पैशांच्या दाव्याला तीन वर्षं मिळतात. या मुदतीतच बाकी मान्य असल्याची सही घेतली, तर सहीपासून पुन्हा तीन वर्षं. दरवर्षी ३१ मार्चला खातेउताऱ्यावर सही घ्यायची. मुदत उलटल्यावर घेतलेली बाकीची सही या कामाला येत नाही.

आता माझ्या डोक्यात जाणारी दुसरी चूक. दोन मित्र दालमिल टाकतात, ‘बाँड’वर भागीदारीपत्र करून नोटरी करतात, पॅन काढतात, जीएसटी नंबर घेतात. फर्म रजिस्टर आहे का विचारलं की जीएसटीचं सर्टिफिकेट पुढे करतात. अहो, ते कराचं. भागीदारी फर्मची नोंदणी रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे होते. कायदा १९३२ चा आहे. नोंदणीची सक्ती नाही, म्हणून घाईतले लोक ती ‘नंतर बघू’त टाकतात. पण कलम ६९ मुळे नोंदणी नसलेली फर्म गिऱ्हाइकाकडच्या कराराच्या पैशांसाठी दावाच लावू शकत नाही. गिऱ्हाईक मात्र फर्मवर दावा लावू शकतं! दावा टाकल्यावर धावतपळत नोंदणी करून तो दावा वाचत नाही. नोंदणीनंतर मुदतीत नवा टाकावा लागतो.

नोंदणी केलेलेही फसतात. वडील वारले, मुलगा गादीवर बसला, रजिस्टरमध्ये भागीदार म्हणून अजून वडीलच. दावा लावणाऱ्या भागीदारांची नावं रजिस्टरवर असावी लागतात. तेरावा झाला की हे काम आधी करा. भागीदार दोघंच होते, तर एक गेल्यावर जुनी फर्मच संपते, मुलाबरोबर नवं भागीदारीपत्र करा.

बाकीच्या थोडक्यात.

गाळा ११ महिन्यांच्या कराराने दिला म्हणजे नोंदणी लागत नाही, हे महाराष्ट्रात चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ म्हणतं, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. ती जबाबदारी गाळामालकाची, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं.

बिलबुक छापताना प्रेसवाल्याला ‘त्यांच्यासारखंच करा’ म्हणू नका. लातूरच्या दुकानाच्या बिलावर ‘राजकोट न्यायकक्षेत’, म्हणजे वाद राजकोटच्या कोर्टात, असं छापलेलं मी पाहिलंय.

कोरा चेक सही करून कुणालाच देऊ नका. मेहुण्यालाही नाही.

वाळूज-चिकलठाण्यात छोटे कारखाने चालवणाऱ्यांनी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, माल पाठवण्याआधी करावी. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यालाही उद्यम नंबर मिळतो, पण या ४५ दिवसांचं संरक्षण त्याला मिळत नाही. आणि ही नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट आहे, एजंटाने दोन हजार मागितले तर उठून या.