नवी फरशी घालायची तर आधी दाराखालची फट मोजा

आईच्या पुण्यातल्या सहकारनगरच्या घरातली फरशी दिवाळीआधी बदलायची ठरली आहे, म्हणून हे लिहून काढते आहे. 6 वर्षांपूर्वी कोथरूडला आमच्या घरात हेच काम मी मोठ्या हौसेनं काढलं आणि चुकवलं. रंग, भाव, दुकानं, सगळ्याची चौकशी केली होती. एक माप तेवढं घेतलं नव्हतं. ते सासूबाईंच्या मनगटाला भोवलं, त्यामुळे या यादीत ते पहिलं येणार आणि पुन्हा पुन्हा येणार.

दाराखालची फट मोजा. दुकानात पाऊल टाकण्याआधी घरातल्या प्रत्येक दाराची खालची कड आणि आत्ताची फरशी यांच्यात किती जागा आहे ते मिलिमीटरमध्ये कागदावर लिहा. दार नुसतं बंद ठेवून मोजू नका. ते पूर्ण उघडताना जिथून जिथून फिरतं तिथं सगळीकडे पट्टी धरा, कारण जुन्या घरात फरशी एकसारखी नसते, दारामागे कधी कधी चांगली चढलेली असते.

आमच्याकडे जुनी मोझॅक न फोडता तिच्यावरच व्हिट्रिफाइड टाइल चिकटवायचं ठरलं. टाइल 9 मिमी, खाली ती चिकटवायचं केमिकल 5 मिमी, म्हणजे 14, असं मिस्त्रींनी तोंडी सांगितलं आणि मी बरं म्हटलं. मुख्य दाराखाली फट होती 6 मिमी. हॉलची फरशी घालून झाली, मिस्त्री दार उघडायला गेले आणि दार हलेना. सुताराला बोलवून पाच दारं उतरवली, खालून तासली, परत चढवली. न्हाणीघराचं दार फायबरचं, ते कापल्यावर खालची कड उघडी पडली आणि वर्षभरात पाणी पिऊन फुगलं. माळ्याखाली फ्रिज जेमतेम बसत होता, तो बसेना. बाल्कनीतही टाइलवर टाइल घातल्यामुळे सरकत्या खिडकीच्या ट्रॅकची पाणी जायची भोकं निम्मी बुजली, आणि जुलैत पश्चिमेकडून झड आली की हॉलमध्ये पाणी.

सगळ्यात वाईट स्वयंपाकघराच्या दाराशी झालं. आत ट्रॉल्या नुकत्याच बसवलेल्या, म्हणून तिथली फरशी तशीच ठेवली होती. पॅसेज 14 मिमी वर आणि स्वयंपाकघर खाली. इतकी बारीक पायरी डोळ्याला दिसत नाही. चौथ्या रात्री सासूबाई पाणी प्यायला उठल्या, परत येताना पायाचा अंगठा त्या कडेला अडकला आणि सगळा भार हातावर आला. 6 आठवडे प्लास्टर. आजही त्या तिथं भिंतीला हात लावून जातात.

म्हणून फट मोजा, आणि फटीबरोबर सगळ्या घराची लेव्हल काढा. कोणताही जुना गवंडी पाण्याच्या पारदर्शक नळीनं हे अर्ध्या तासात करून देतो. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं, त्या आधारानं प्रत्येक खोलीच्या भिंतीवर एकाच उंचीची पेन्सिलची खूण करायची. तिथून खाली फरशीपर्यंत टेप लावायचा. परवा आईकडे केलं तर हॉलच्या दाराशी 1000 मिमी, खिडकीखाली 1009. म्हणजे खिडकीकडे फरशी 9 मिमी बसलेली आहे. नवी फरशी सपाट हवी तर तिथं आधी 9 मिमी भरून घ्यावं लागणार. हे आकडे हातात नसताना मिस्त्री लेव्हल मिळवायला ऐनवेळी माल, म्हणजे सिमेंट-वाळूचा थर, वाढवतात, आणि तो वाढलेला माल शेवटी दाराखालीच येऊन बसतो. खोल्या, पॅसेज, स्वयंपाकघर, बाल्कनी, न्हाणीचा उंबरा आणि जिन्याकडची बाहेरची फरशी, सगळ्याची लेव्हल एका कागदावर हवी. एखादी खोली सोडणार असाल तर तिच्या दाराशी किती मिलिमीटरचा फरक राहील तो लाल पेनानं लिहा. घरात वयस्कर माणूस असेल तर खोली सोडूच नका. सोडावीच लागली तर तिथं उतरती पट्टी बसवून घ्या, उभी कड ठेवू नका.

फरशी कोणती घ्यायची हेही बरंचसं या कागदावरच ठरतं. शहाबादी किंवा कोटा हवा असेल तर दगडच 20 ते 25 मिमी जाड, खाली मालाचा थर वेगळा. तो जुन्या फरशीवर बसत नाही, फोडावंच लागतं. मला स्वतःला शहाबादी फार आवडते, पुण्याच्या जुन्या वाड्यांत आणि चाळींत पायाला सवय झालेली तीच. पण ती सच्छिद्र असते, तेल आणि हळद पिते, हे स्वयंपाकघरासाठी लक्षात ठेवा. कोटा आणि संगमरवर यांवर ॲसिड कधीही नको, चुना असलेला दगड त्यानं खाल्ला जातो. फोडायचं नसेल तर 9 मिमीची टाइल किंवा 4 ते 6 मिमीची क्लिक करून बसणारी एसपीसी, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक यांच्या पट्ट्यांची फरशी. लाकडी लॅमिनेटच्या वाटेला मी जाणार नाही, आपल्याकडे रोज ओलं फडकं फिरतं आणि वर चार महिने पावसाळा.

फोडणार असाल तर न्हाणीघर त्यात सहज म्हणून ओढू नका. फरशीखालचं वॉटरप्रूफिंग हललं की खालच्यांच्या छताला ओल येते. फोडलंच तर नवीन वॉटरप्रूफिंग करून, 2 दिवस पाणी कोंडून ठेवून, खाली जाऊन छत बघून मगच टाइल. आणि जुन्या फरशीवर मालाचा जाड थर टाकू असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा. 40 मिमी थराचं वजन दर चौरस मीटरला साधारण 80 किलो होतं, छोट्या खोलीलासुद्धा 800 किलो. जुन्या स्लॅबवर हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको.

आता खरेदी. कात्रज-कोंढवा रस्त्यावर दगड आणि टाइलची दुकानं ओळीनं आहेत, एक सकाळ पुरते. टाइल बहुतेक गुजरातेतल्या मोरबीहूनच येते, तेव्हा नावापेक्षा खोक्यावरचं वाचा. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाही, भिंतीची टाइल 10 टक्क्यांहून जास्त शोषते. भिंतीची जमिनीवर घालू नका. खोक्यावर जाडीही असते, ती फटीच्या कागदाशी ताडून बघा. 2 बाय 2 फुटांच्या चार टाइलच्या खोक्याला दुकानदार 16 चौरस फूट म्हणतात, प्रत्यक्षात 1.44 चौरस मीटर म्हणजे साडेपंधरा चौरस फूट भरतात. मोठ्या घराला दोन-तीन खोकी कमी पडतात ती इथं. तुटफुटीला 10 टक्के जास्त घ्या, सगळ्या खोक्यांवर बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना ते स्वतः बघा आणि एक खोकं माळ्यावर ठेवा. दोन टाइल तोंडाला तोंड लावून कडेनं बघा, मध्ये उजेड दिसला तर टाइल वाकलेली आहे. एक नमुना घरी आणून ट्यूबलाइटखाली ठेवा, त्यावर पाणी टाकून अनवाणी पाय ठेवा. चकाचक पॉलिश म्हाताऱ्या माणसांच्या घरात नको, मॅट घ्या.

सोसायटीचं पत्र, कामाच्या वेळा, दुपारी 2 ते 4 आवाज बंद, हे तुम्हाला माहीत आहेच. राडारोडा कोण आणि कुठे नेणार ते मिस्त्रींच्या दरात धरलंय का ते लिहून घ्या. ओढ्यात किंवा नदीपात्रात नेऊन टाकणाऱ्याला काम देऊ नका. काम दिवाळीच्या तोंडावर काढू नका, मिस्त्री गावी गेले की दोन आठवडे घर उकललेलं राहतं.

काम सुरू झालं की पहिली टाइल मुख्य दाराशी बसवायला सांगा. सुकीच ठेवा, खाली केमिकलच्या जाडीची पट्टी द्या आणि दार उघडून बघा. फिरलं तर पुढे. मग प्रत्येक दाराशी हेच. आमच्याकडे हे 10 मिनिटांचं काम कुणी केलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

बाकी थोडक्यात. जुनी टाइल वाजवून बघा, पोकळ असेल ती काढून तिथं भरून घ्या. टाइलवर टाइलला साधं सिमेंट धरत नाही, टाइलवर टाइलसाठीचंच केमिकल, गोणीवर आयएस 15477 हा मानक क्रमांक बघा. दोन टाइलमध्ये फट राखायला 2 मिमी स्पेसर. बाल्कनीचा ढाळ जाळीकडे, एक बादली ओतून बघा. दुसऱ्या दिवशी काठीनं ठोकून पोकळ आवाज ऐका, खुणा करा, पैसे त्यानंतर. ग्राउट म्हणजे फटी भरणं, स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, साफसफाई, हे मिस्त्रींना कळतं. दारं तासायची असतील तर फरशीच्या आधी.

आईकडची मापं अशी आहेत: मुख्य दार 11 मिमी, आतली खोली 8, न्हाणीघर 15. म्हणजे 9 ची टाइल आणि केमिकल मिळून मुख्य दारसुद्धा अडणार, तेव्हा दारं तासायची नसतील तर एसपीसी किंवा फोडणं, दोनच पर्याय उरले. देवघराचं आणि बाल्कनीचं दार मोजायचं राहिलंय. मिस्त्री सोमवारी येणार आहेत. रविवारी सकाळी पट्टी घेऊन जाते.