डिजिटल कथेतलं चित्र आणि संगीत कसं निवडाल

क्लिक करत वाचायच्या कथेत एकाच पानावर कुणी दहा सेकंद थांबतं, कुणी तीन मिनिटं. त्यामुळे मागचा आवाज लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजत राहतो; ठळक चालीची धून तिसऱ्या फेरीलाच नकोशी होते, आणि शब्द असलेलं गाणं तर वाचनाच्या आड येतं. पावसाचा, पंख्याचा, लांबून जाणाऱ्या गाडीचा असा संथ आवाज घ्या. लूपसाठी एमपी३ शक्यतो टाळा. त्या फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी बारीकशी पोकळी राहते, दर फेरीला आवाज अडखळतो. ओजीजी किंवा वेव्ह प्रकारची फाइल बरी. क्रोम ब्राउझर २०१८ पासून वाचकाने काही दाबेपर्यंत आवाज सहसा रोखून धरतो, म्हणून पहिल्या पानावर ‘सुरू करा’ हे बटण हवंच.

चित्राबाबत माझं मत पक्कं आहे: मजकुरात आलेलं पुन्हा दाखवू नका. ‘ती भिजून दारात उभी होती’ असं लिहिलंत, तर तिचा चेहरा नको, उंबऱ्याशी सांडलेलं पाणी दाखवा. चेहरा वाचकाने मनात कधीच रंगवलेला असतो.

कथा वळते त्या पानाआधी आवाज दोन-तीन सेकंदांत विरू द्या आणि ते पान पूर्ण शांत ठेवा.