पोलंडची जुनी भिंत कशी बघावी: एका भट्टीवाल्याच्या खुणा

वॉर्सात उतरलो त्याच दिवशी मी फसलो. जुन्या चौकातली रंगीत घरं, लाल विटांची तटबंदी बघून भारावलो आणि भाडगावच्या आमच्या ग्रुपवर फोटो टाकून दिला, 'सातशे वर्षांपूर्वीचं गाव'. संध्याकाळी लेक हसायला लागली. म्हणाली, "बाबा, यातलं बरंचसं तुमच्या मोठ्या भावाच्या वयाचं आहे." १९४४ च्या उठावानंतर जर्मनांनी तो भाग ठरवून पाडला, पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त भुईसपाट केला. मग लोकांनी अठराव्या शतकातली चित्रं आणि विद्यार्थ्यांनी काढून ठेवलेली मोजमापं पुढ्यात घेऊन तो पुन्हा उभा केला. त्या पुन्हा बांधण्यालाच १९८० साली युनेस्कोचा मान मिळाला. काम वाखाणण्यासारखंच आहे. पण तीस वर्षं गिरणेकाठी वीटभट्टी चालवलेला माणूस विटेनंच फसावा, हे मला लागलं.

हल्ली आपल्याकडची पोरं शिकायला, नोकरीला पोलंडला जातात आणि मागाहून आईबाप महिना-दोन महिने राहून येतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

निघण्याआधी चार सालं डोक्यात ठेवा, जास्त नकोत. ९६६ ला पोलंडचा राज्यकर्ता मिएश्को यानं बाप्तिस्मा घेतला, दगडी चर्चं त्यानंतरची. १२४१ ला मंगोल आले, दक्षिणेकडचं जुनं शहर क्राकुफ जाळलं. १३३३ ते १३७० राजा काझिमेश तिसरा; याला लाकडाचा पोलंड मिळाला आणि हा चुन्याविटांचा ठेवून गेला, असं तिकडे म्हणतात. पन्नासेक किल्ले त्याच्या नावावर आहेत. १४१० ला ग्रुनवाल्डची लढाई, तिच्याबद्दल पुढे येईलच. काझिमेशचं साल मी असं लक्षात ठेवलं: तो गेला १३७० साली आणि त्याच साली फिरोजशाह तुघलकानं मलिक राजाला थाळनेर-करवंदची जहागीर दिली, म्हणजे आपल्याकडे फारुकी घराण्याचा पाया पडला. थाळनेरला तापीकाठी फारुकींच्या कबरी बघितल्या असतील तर काळाचा अंदाज बसतो.

आता भिंतीपुढे उभे राहा. आधी कमान बघा. जाड दगडी भिंत, बारीक खिडक्या, डोक्यावर अर्धगोल कमान असली तर काम बहुधा १२५० च्या आधीचं. क्राकुफमध्ये ग्रोद्झ्का रस्त्यावर सेंट अँड्र्यूचं चर्च आहे, अकराव्या शतकाच्या अखेरीचं. मंगोल आले तेव्हा माणसं त्यात शिरून वाचली. खालच्या फटी बघितल्या की कळतं, ही देवाची जागा होती तशी लपायचीही होती. कमान टोकदार असली तर नंतरची गॉथिक पद्धत. एक सावधगिरी: सोळाव्या शतकात गोल कमान परत आली, तेव्हा निव्वळ गोलाईवर भरवसा ठेवू नका, भिंतीची जाडीही बघा.

कमानीनंतर पायाकडे. उत्तर पोलंडच्या सपाटीवर बांधायला खाणीचा दगड नाही. हिमयुगातल्या बर्फानं लोटत आणलेले गोटे आणि माती, एवढाच माल. म्हणून खाली गोटे आणि वर विटा, असं बांधकाम दिसतं. आपल्याकडे जिकडे खणाल तिकडे काळा दगड, त्यामुळे हे उलटं वाटतं.

आणि आता वीट. इथे माझी बायको कंटाळते. मालबोर्कच्या किल्ल्यात मी भिंतीला नाक लावून उभा, तर मागून म्हणाली, "आठे बी ईटाच का?" तुम्ही कंटाळू नका. जुनी वीट साधारण फूटभर लांब आणि साडेतीन इंच जाड असते. आपल्या नऊ इंची विटेला तिची थोरली बहीण म्हणा. हातात घ्यायला कोणी देत नाही, पण सहा किलोच्या आसपास भरेल असा माझा अंदाज. दोन विटा कधीच सारख्या नसतात, एक फुगलेली तर एक वाकलेली. म्हणून विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, जाड ठेवून, त्यात चुना भरून थर सरळ केलेले दिसतात. विटा एकसारख्या, कडा धारदार, दर्जा बारीक आणि सिमेंटच्या रंगाच्या असल्या, तर तेवढा तुकडा नवा समजा.

मग थर मोजा. वीट भिंतीच्या लांबीत घातली तर लांब बाजू दिसते, आत घुसवली तर फक्त तोंड दिसतं. दोन लांब, एक तोंड, पुन्हा दोन लांब, असा क्रम लागला तर काम सहसा जुनं. एक लांब, एक तोंड असा आलटून पालटून क्रम सहसा नंतरचा, चौदाव्या शतकात रुळलेला. एकाच भिंतीत खाली एक आणि वर दुसरा सापडला की समजा, मधे काही काळ गेला, पैसा संपला नाहीतर धनी बदलला.

भिंतीत ओळीनं चौकोनी भोकं दिसतील. त्यांना काही जण तोफेची किंवा बाणाची भोकं म्हणतात. ती परांचीची आहेत. गवंड्यानं बल्ल्या काढल्या आणि भोकं तशीच ठेवली.

काळपट, काचेसारख्या चमकणाऱ्या विटा तिरक्या ओळीत लावून चौकटींची नक्षी केलेली दिसली तर थांबा. ती खंगर आहे हो! भट्टीत आगीच्या अगदी जवळ राहून जास्त भाजलेली. आमच्या भट्टीवर खंगर निघाली की गिऱ्हाईक तोंड वाकडं करायचं. ती पायात, नाहीतर खड्ड्यात जायची. इथे तिलाच दर्शनी भिंतीवर मिरवलंय. अशी नक्षी मालबोर्कच्या भिंतींवर भरपूर आहे.

मालबोर्क मात्र चुकवू नका, ग्दान्स्कहून रेल्वेनं तासाच्या आत पोचता. ट्यूटन योद्ध्यांचा, म्हणजे धर्मयुद्ध करणाऱ्या जर्मन योद्ध्यांच्या संघाचा, हा विटांचा किल्ला; १३०९ पासून त्यांचा मुख्य सरदार इथे राहायचा. १४१० ला ग्रुनवाल्डला पोलंडच्या यागेल्लो राजानं त्यांना धूळ चारली, तरी हा किल्ला पडला नाही. शेवटी १४५७ ला पगार थकलेल्या भाडोत्री शिपायांनीच तो पोलंडच्या राजाला विकला. १९४५ मध्ये जवळजवळ निम्मा उद्ध्वस्त झाला आणि मग पुन्हा बांधला. तेव्हा वर सांगितलेल्या सगळ्या खुणा इथेच तपासून बघा, जुनं-नवं शेजारी शेजारी आहे.

मोठ्या जेवणघरात मंडळी छत बघतात. तुम्ही खाली बघा. फरशीत गोल भोकं आहेत, त्यावर झाकणं. तळघरात भट्टी. तिच्यावर गोटे रचलेले. लाकूड पेटवून गोटे लाल करायचे, धूर निघून गेला की आग विझवायची, धुराडं बंद करायचं आणि मग वरची झाकणं उघडायची. धुराशिवाय नुसती ऊब वर येते. भट्टी विझवल्यावर चार दिवस ती कशी तापलेली राहते हे आम्ही जन्मभर बघितलं, पण असा उपयोग सुचला नाही. मी तिथे अर्धा तास उभा होतो.

क्राकुफच्या बाजारचौकात सगळे दर तासाची तुतारी ऐकायला मान वर करतात. ऐका, पण नंतर कोपऱ्यातल्या सेंट वोइचेखच्या चिमुकल्या चर्चजवळ जा. त्याची जुनी जमीन आजच्या चौकाच्या दोन मीटरहून अधिक खाली आहे. चर्च खचलं नाही, शेकडो वर्षांच्या कचऱ्यामातीनं चौकच वर आला. जुन्या इमारतीत शिरताना पायऱ्या खाली उतरल्या की हे आठवा.

हिवाळ्यात जाणार असाल तर सकाळीच निघा, डिसेंबरात चारच्या आत सूर्य बुडतो.

राहता राहिलं एक. वीट थापताना साच्यावरचा जास्तीचा चिखल बोटांनी निपटायचे, त्या रेघा विटेच्या पाठीवर राहतात. तिथले लोक म्हणूनच तिला बोटांची वीट म्हणतात. भिंतीत ही बाजू झाकली जाते. संग्रहालयात सुटी मांडलेली वीट किंवा ढासळलेली कड शोधा. मला एका विटेवर बोटांच्या चार रेघा दिसल्या आणि त्यांच्यावरून गेलेला कुत्र्याचा पंजा. सुकत घातलेल्या ओल्या विटांवरून पळाला असणार. फोटो गावच्या ग्रुपवर टाकला, या वेळी लेकीला दाखवून. भट्टीवरच्या आमच्या जुन्या थापणाऱ्याचा लगेच निरोप आला, "शेठ, हा तर आपला मोत्या."