मागे टेंपो, पुढे स्कूटी, मधे मी: अपघाताची नोंद कशी करायची

ऐरोलीच्या सिग्नलला थांबले होते. सकाळचे सव्वानऊ, बारीक पाऊस, हँडब्रेक ओढलेला. मागून टेंपोने दिलेल्या धक्क्याने माझी वॅगन-आर पुढच्या स्कूटीवर जाऊन आदळली. स्कूटीवरची मुलगी एका अंगावर पडली. पाच-सहा जण धावत आले ते थेट माझ्या खिडकीशी, कारण स्कूटीला लागलेली गाडी माझी होती. टेंपोवाला तोपर्यंत रिव्हर्स टाकून कडेने सटकायच्या बेतात होता.

मी आधी काय केलं, तर उतरून टेंपोच्या नंबर प्लेटचा फोटो काढला. मुलगी रस्त्यावर असताना ही बाई फोटो कसले काढते, असं तिथल्या एकाने ऐकवलंही. पण मुलगी उठून बसलेली मला दिसत होती आणि टेंपो पाच सेकंदांत नाहीसा झाला असता. मग मी हिशेबात एकटीच उरले असते. फोटो झाला आणि मगच तिच्याकडे गेले. कोपर सोलवटलं होतं, मनगट धरून बसली होती. म्हणाली, "काही नाही काकू, मी ठीक आहे. ऑफिसला उशीर होतोय."

"मी ठीक आहे" या वाक्यावर मी चार वर्षांपूर्वी विश्वास ठेवला होता. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली माझ्या गाडीला एक बाइकवाला घासला. चूक निम्मी माझी, निम्मी त्याची. मागे हॉर्नचा कल्लोळ. तो उठला, पँट झटकली आणि दोन हजारांत मांडवली झाली. मी जीपे केलं आणि राबाळ्याला कामावर गेले. तिसऱ्या दिवशी पोलिसांचा फोन. त्याच्या पायाचं हाड मोडलेलं निघालं होतं आणि तक्रारीत लिहिलं होतं की मोटारचालक महिला जखमीला तसंच टाकून निघून गेली. माझ्याकडे पुरावा काय, तर दोन हजारांची जीपेची नोंद. म्हणजे चूक माझी होती याचीच जणू पावती! विमा कंपनीनेही पहिला प्रश्न तोच विचारला, मॅडम, त्याच दिवशी का कळवलं नाही?

तेव्हा मोटार वाहन कायद्याचं १३४ कलम पहिल्यांदा वाचलं. कुणाला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर जखमीच्या उपचाराची सोय बघणं, पोलीस हजर नसतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन सांगणं आणि विमा कंपनीला लेखी कळवणं ही चालकाची जबाबदारी आहे. ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत. चूक कुणाची, याच्याशी त्याचा संबंध नाही. हे टाळलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. जमाव भडकला असेल तर काय, याचाही विचार त्यात आहे. जिवाला धोका वाटत असेल तर तिथे थांबून मार खा, असं कायदा म्हणत नाही. अशा वेळी निघा, पण घरी जाऊ नका. गाडी सरळ पोलीस ठाण्याच्या दारात न्या.

यंदा मुलीचं "मी ठीक आहे" मी ऐकलं नाही. चारही इंडिकेटर लावले आणि ११२ फिरवला. जखमी उठू शकत नसेल तर १०८ला अँब्युलन्ससाठी वेगळा फोन करा. ११२वर रडगाणं नको. जागा, दिशा आणि किती जणांना लागलंय एवढंच सांगा. मी म्हटलं, "ठाणे-बेलापूर रोड, ठाण्याकडून येताना ऐरोलीचा सिग्नल, तीन गाड्या, एक जखमी." पोलीस येईपर्यंत आणखी फोटो काढून घ्या. तिन्ही गाड्या एका चौकटीत येतील असा लांबून एक, रस्त्यावरच्या काचा, ब्रेकच्या खुणा, सिग्नलचा खांब, आजूबाजूच्या दुकानांवरचे कॅमेरे. कॅमेऱ्यांचे फोटो लोक विसरतात. हे फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, तेव्हा कुठल्या दुकानाचा कॅमेरा रस्त्याकडे बघतो हे पोलिसांना त्याच दिवशी सांगता आलं पाहिजे. माझ्या बाबतीत एका मेडिकलवाल्याच्या कॅमेऱ्याने काम केलं. बघ्यांपैकी दोघांचे नंबरही घेतले. साक्षीला यायची भीती लोकांना असते, पण २०१९च्या दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. हे सांगितल्यावर एक रिक्षावाले काका तयार झाले.

आपल्याकडची एक खास भानगड म्हणजे हद्द. याच रस्त्यावर विटाव्यापर्यंत ठाणे पोलीस आयुक्तालय आणि दिघ्यापासून नवी मुंबईचं. ठाण्याहून वाशीला रोज जाणाऱ्यालाही ही रेघ नेमकी कुठे आहे ते सांगता यायचं नाही. ११२ला फोन केला की हद्द शोधायचं काम त्यांच्याकडे जातं. स्वतः पोलीस ठाण्यात गेलात आणि "हे आमच्याकडे येत नाही" असं ऐकावं लागलं, तर शांतपणे झीरो एफआयआर म्हणा. गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर घ्यावी लागते, आणि १ जुलै २०२४ला लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे स्पष्ट लिहिलंय. तरीही नकार मिळाला तर तक्रार लिहून पोस्टाने वरिष्ठांकडे, आपल्याकडे म्हणजे पोलीस उपायुक्तांकडे, पाठवता येते. मला तशी वेळ आली नाही.

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी हे सगळं डिजीलॉकरमध्ये असेल तरी चालतं. माझा फोन सात टक्क्यांवर आला होता. म्हणून सांगते, झेरॉक्स गाडीत ठेवा.

आता जबाब. माझ्या मते सगळं अडतं ते इथे. ठाणे अंमलदारासमोर उभं राहण्याआधी बाकावर बसून मी एका वहीच्या पानावर दहा ओळी लिहून काढल्या. किती वाजले होते, कुठून कुठे चालले होते, सिग्नल लाल की हिरवा, गाडी थांबलेली की चालती, धक्का कुठून बसला, पुढे काय झालं. कुणाची चूक होती हे मुद्दाम लिहिलं नाही. हवालदारसाहेब चांगले होते, चहाही पाजला. पण वर्षानुवर्षं तीच भाषा लिहून त्यांचा हात बसलेला असतो. जबाब छापून समोर आला तेव्हा त्यात होतं, "मी सदर वाहन चालवीत जात असताना." मी बोट ठेवलं. "साहेब, मी चालवत नव्हते. थांबले होते. हँडब्रेक होता." ते म्हणाले, "ताई, अर्थ तोच." अर्थ तोच नव्हता. थांबलेली गाडी ढकलली गेली असेल तर दोष मागच्याचा. चालती गाडी स्कूटीवर गेली असेल तर "हयगयीने व भरधाव वेगाने" हे शब्द माझ्या नावापुढे यायला वेळ लागला नसता. त्यांनी कुरकुर न करता वाक्य बदललं, पुन्हा प्रिंट काढली. शेवटच्या शब्दापर्यंत वाचल्याशिवाय सही करू नका. चष्मा घरी राहिला असेल तर मोठ्याने वाचून दाखवा म्हणावं, तसा तुमचा हक्कच आहे.

एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. कुणालाच लागलं नसेल तर बहुतेक वेळा एनसी (अदखलपात्र गुन्हा) म्हणून किंवा स्टेशन डायरीत नोंद होते. तरी नोंदीचा नंबर, तारीख आणि लिहून घेणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. नुसतं "सांगून आलो" याला पुढे कुणी विचारत नाही.

मुलीला घेऊन मी महापालिकेच्या रुग्णालयात गेले. तिथे केसपेपरवर एमएलसीची, म्हणजे पोलिसांशी संबंधित वैद्यकीय केस असल्याची, नोंद करून घेतली, नाहीतर मनगट कशाने दुखावलं हे कागदावर येत नाही. एक्स-रेत बारीक फ्रॅक्चर निघालं. ऑफिसला उशीर होत होता त्या मुलीला! अपघाताची नोंद जखमीच्या किती कामाची असते हे मला तिच्यामुळे कळलं. २०२५पासून ठरावीक रुग्णालयांत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळण्याची योजना आहे आणि त्यासाठी अपघात झाल्याची खात्री पोलिसांकडून व्हावी लागते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागायची तर एफआयआर, पंचनामा, एमएलसी हेच कागद लागतात, आणि कायद्यातली मुदत सहा महिन्यांची आहे. समजा टेंपो सापडलाच नसता, तरी गंभीर जखमीला ५० हजार आणि मृताच्या वारसांना २ लाख देण्याची सोय आहे. पण वाहन अज्ञात होतं हे पोलिसांच्या कागदावर असल्याशिवाय तिथे कुणी दार उघडत नाही.

विमा कंपनीला त्याच दुपारी फोन केला, क्लेम नंबर घेतला आणि लगेच ईमेलही केला, कारण कायद्यात लेखी म्हटलंय. पॉलिसी नंबर, वेळ, जागा, कुणाला लागलं, गाडी कोण चालवत होतं, एवढं पुरतं. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत गॅरेजवाल्याला बंपरला हात लावू देऊ नका. आमचा गॅरेजवाला उत्साही, त्याने निम्मा खोलून ठेवला होता, त्याला फोनवर थांबवलं. नुसता बंपर खरचटला, कुणाला ओरखडाही नाही, अशा वेळी कंपन्या बहुतेकदा एफआयआर मागत नाहीत. तेवढ्यासाठी पोलीस ठाण्यात अर्धा दिवस घालवायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी डायरीत नोंद करून येईन.

गाडी तपासणीसाठी पोलिसांनी ठेवून घेतली तर घाबरू नका. मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी आणि सोपस्कार झाले की २४ तासांत परत द्यायची आहे. कुठे ठेवली आहे हे मालकाला कळवावं लागतं. आतला छत्री-डबा मात्र आधी काढून घ्या.

टेंपोचा मालक दोन दिवसांनी सापडला, नंबर प्लेटच्या फोटोवरूनच. त्याचा विमा चालू होता. मुलगी अजून पट्टा बांधून ऑफिसला जाते आणि दर गुरुवारी मला न्यायाधिकरणातल्या तिच्या वकिलांनी मागितलेल्या कागदांची यादी पाठवते. कालच्या यादीत पंचनाम्याची दुसरी प्रत होती. ती आणायला शनिवारी जायचंय.