पिकअपला आफ्टरमार्केट क्लच बसवून घेताना

आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीऐवजी दुसऱ्या कुणी बनवलेला, क्लच घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "सगळ्यात तगडा कोणता?" मी उलट विचारतो, गाडीत भरता काय? माझ्या पिकअपमध्ये मापातलाच माल असतो, मागे ट्रेलर नाही, इंजिनची ताकद वाढवलेली नाही. अशा गाडीला मूळ क्लचच्या तोडीचा, ऑरगॅनिक फेसिंगचा (फेसिंग म्हणजे प्लेटवरचा घासणारा थर) सेट पुरतो. सिरॅमिक पॅडची प्लेट ताप जास्त सोसते हे खरं, पण ती एकदम पकडते. गर्दीत आणि रिव्हर्स घेताना गाडी गचके देते. प्रेशरप्लेट, म्हणजे क्लचप्लेटला इंजिनच्या जड चाकावर (फ्लायव्हीलवर) दाबून धरणारा भाग, जास्त जोराची घेतली की पेडल कडक होतं आणि ते दाबताना क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवरही जास्त भार येतो. जड ट्रेलर ओढत असाल तर एक पायरी वरचा सेट घ्या. नाहीतर आपल्या डाव्या गुडघ्यावर दया करा.

मुळात क्लचच गेलाय का, ते आधी पाहा. वरच्या गिअरमध्ये, चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढतात पण वेग वाढत नाही, म्हणजे प्लेट घसरतेय. पण पेडल मऊ पडलंय, गिअर पडताना खरखरतोय, क्लचचं ऑइल कमी होतंय, असं असेल तर आधी मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलमधून क्लचपर्यंत नेणारे) तपासून घ्या. गळक्या सिलिंडरपायी गिअरबॉक्स उतरवणारे मिस्त्री असतात.

सेट मागवताना मॉडेल, वर्ष, इंजिन आणि गिअरबॉक्स चारही गोष्टी सांगा. एकाच नावाच्या पिकअपमध्ये वेगवेगळी इंजिनं येतात. सेटमध्ये क्लचप्लेट, प्रेशरप्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की प्रेशरप्लेटला ढकलणारं) तिन्ही हवीत. जुनं रिलीज बेअरिंग "अजून चांगलं आहे" म्हणत परत चढवू देऊ नका. ते ओरडायला लागलं की गिअरबॉक्स पुन्हा खाली.

गिअरबॉक्स उतरला की मी तिथून हलत नाही. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर खूण करायला लावतो, म्हणजे तो होता तसाच बसतो. मग फ्लायव्हील. निळे डाग, बारीक तडे, चरे असतील तर नवी प्लेट तशीच बसवायची नाही. साधं फ्लायव्हील कंपनीने दिलेल्या मर्यादेत लेथवर किंवा ग्राइंडरवर साफ करता येतं. तडा खोल असेल तर बदलायचं. ड्युअल मास, म्हणजे मध्ये स्प्रिंग असलेल्या दोन भागांच्या, फ्लायव्हीलची गोष्ट वेगळी. त्या दोन भागांमधला खेळ (प्ले) मर्यादेबाहेर गेला असेल तर ते बदलावंच लागतं. त्याजागी साधं फ्लायव्हील देणारे किट मिळतात, पण डिझेल गाडीत मग आयडलला गिअरबॉक्स खडखडतो. मी त्या वाटेला जाणार नाही.

त्याच वेळी क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील, गिअरबॉक्सचं पुढचं सील आणि पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक धरणारं) बघून घ्या. सील झिरपत असेल तर नवी प्लेट तेलाने भिजलीच समजा.

बसवण्याआधी नवी प्लेट इनपुट शाफ्टवर हाताने सरकवून पाहा. स्प्लाइन (शाफ्टवरच्या उभ्या खाचा) जुळत नसतील तर ते आत्ताच कळेल. प्रेशरप्लेटच्या घासणाऱ्या बाजूला गंज धरू नये म्हणून तेल लावलेलं असतं. ते ब्रेक क्लीनरने पुसायचं. स्प्लाइनला ग्रीस जेमतेम, जास्त झालं की ते उडून फेसिंगवर येतं. प्लेटवर फ्लायव्हीलकडची बाजू लिहिलेली असते, ती स्वतः वाचा. उलटी बसलेली प्लेट सुटत नाही. मग अलाइनमेंट टूल घालून प्लेट मध्यावर आणायची आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. शेवटी टॉर्क रेंच, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. एअर गन दिसली तर हात धरा.

गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन जॅकवरच राहायला हवं. तो इनपुट शाफ्टवर लोंबकळला तर प्लेटचा हब वाकतो. शेवटची फट बोल्ट आवळून मिटवायची नाही. हाताने बसत नसेल तर अलाइनमेंट चुकलंय, मागे घ्या. नाहीतर बेल हाउसिंगचा (क्लचभोवतीच्या कव्हरचा) कान तुटतो. स्लेव्ह सिलिंडर आतल्या प्रकारचा असेल तर सगळं जुळेपर्यंत पेडलला कुणी पाय लावायचा नाही. मग ब्लीडिंग, म्हणजे ऑइलमधली हवा काढणं; केबलची गाडी असेल तर फ्री प्ले, म्हणजे पेडलची सुरुवातीची मोकळी चाल, जुळवणं.

पहिले ५०० ते ८०० किलोमीटर, किंवा सेटच्या कागदावर असेल तेवढे, हलका माल आणि थांबत-निघत चालवणं बरं. हायवेवर एकाच गिअरमध्ये कापलेलं अंतर फारसं कामाचं नाही, कारण प्लेट घासून बसते ती क्लच दाबला-सोडला की. या काळात चढावर हाफ क्लचवर गाडी धरू नका, हँडब्रेक लावा. अधूनमधून बेल हाउसिंगच्या खाली बोट फिरवा. ते ओलं निघालं तर माल भरण्याआधी गाडी परत गॅरेजला न्या.