लाईट जाऊन आली की प्रिंटर ‘ऑफलाईन’? त्याचा पत्ता पक्का करा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं चादरीच्या कारखान्याचं ऑफिस असो की नवी पेठेतलं दुकान, तक्रार एकच असते: सकाळी बिलं निघत होती, लाईट जाऊन आली आणि प्रिंटर ‘ऑफलाईन’. प्रिंटर बहुधा ठणठणीत असतो. लाईट आल्यावर राउटरने त्याला नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा ओळख-क्रमांक) दिलेला असतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर चलनं पाठवत बसतो.

आधी जोडणी. बरेचसे स्वस्त प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचा वायफाय पकडतात. राउटरची दोन नावं दिसत असतील तर ‘५जी’ नसलेलं निवडा. स्क्रीन असेल तर नेटवर्क मेनूतून वायरलेस सेटअप विझार्ड चालवा. पासवर्डात कॅपिटल-स्मॉल नीट पाहा. स्क्रीन नसेल तर राउटरचं डब्ल्यूपीएस बटण दाबा आणि दोन मिनिटांच्या आत प्रिंटरचं वायफाय बटण दिवा लुकलुकेपर्यंत धरून ठेवा. राउटरची वायफाय सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवली असेल तर हा मार्ग चालत नाही, डब्ल्यूपीए२ करा.

आता प्रिंटरमधून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापा. त्यावरच्या दोनच गोष्टी हव्यात: आयपी पत्ता, समजा १९२.१६८.१.३७, आणि बारा अक्षर-अंकांचा मॅक पत्ता (प्रिंटरची कायमची ओळख). आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. लाईट आल्यावर प्रिंटर आधी जागा होतो, राउटरला वेळ लागतो, त्यातून हे घडतं. राउटर पूर्ण सुरू झाल्यावर प्रिंटर बंद करून चालू करा.

ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा. त्याचा पत्ता आणि लॉगिन राउटरच्या बुडाशी चिकटवलेलं असतं. डीएचसीपीमध्ये (पत्ते वाटण्याची सेटिंग) ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा, मॅक पत्ता भरा आणि त्याच्यासमोर १९२.१६८.१.२०० असा मोकळा पत्ता द्या (अंक अर्थातच इंग्रजीत). प्रिंटर पुन्हा सुरू करा. प्रिंटरच्याच मेनूतून स्टॅटिक (कायमचा) आयपी देता येतो, पण मग तोच पत्ता राउटरने कुणाच्या मोबाईलला वाटला की दोघांची टक्कर होते. रिझर्व्हेशनच बरं.

इथे बरेच जण थांबतात आणि पुन्हा फसतात. विंडोजमधला पोर्टही (छपाई कुठल्या पत्त्यावर पाठवायची ती नोंद) बदलायचा असतो. प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्‌स, अ‍ॅड पोर्ट, ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’, मग नवा पत्ता. ‘डब्ल्यूएसडी’ नावाचा पोर्ट दगा देतो, तो ठेवू नका. पत्ता बरोबर असूनही ‘ऑफलाईन’ दिसत असेल तर ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये जाऊन ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’वरची खूण काढा.

तरीही जमत नसेल तर कॉम्प्युटर गेस्ट वायफायवर आहे का पाहा. तिथून प्रिंटर सहसा दिसतच नाही. राउटरमधलं ‘एपी आयसोलेशन’ही (उपकरणांना एकमेकांपासून तोडणारी सेटिंग) बंद हवं. आणि राउटर लोखंडी कपाटाआड असेल तर आधी तो बाहेर काढा. पत्र्याच्या शेडमध्ये सिग्नल आधीच अडखळतो, त्यात आणखी पत्रा नको.

राउटरला छोटा यूपीएस लावला तर लाईट गेली तरी तो बंद पडत नाही. लेझर प्रिंटर मात्र त्यावर लावू नका. तापताना तो इतकी वीज ओढतो की यूपीएसच बसतो.